जुने कफलिंक्स आणि एक नेमका संग्रह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः ब्रिटिश बनावटीच्या, मीनाकाम केलेल्या चांदीच्या कफलिंक्सबद्दल आहे; त्यातही दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या. कफलिंक म्हणजे शर्टाच्या बाहीचा कफ बंद करायचं, साखळीने किंवा दांडीने जोडलेलं बटण; दोन बाह्यांचे दोन मिळून एक जोडी. बाकीचे प्रकार ओळखीपुरते येतील. ज्यांना आजोबांच्या कपाटात एखादी जोडी सापडली आहे आणि आता पुढे काय, असा प्रश्न पडला आहे, त्यांनाही याचा उपयोग व्हावा.

संग्रह ‘नेमका’ असावा म्हणजे काय? आवडेल ते घेत गेलं तर काय बिघडतं?

बिघडत काही नाही, पण डबा भरतो आणि नजर तयार होत नाही. एक जपानी, एक अमेरिकन, एक प्लास्टिकची, एक सोन्याची अशा वीस जोड्या घेतल्यात तर त्यातल्या कुठल्याच जोडीची दुसरीशी तुलना करता येत नाही. एकाच जातीच्या वीस जोड्या समोर ठेवल्यात की एकविसावी हातात घेताक्षणी तिची साखळी बदललेली आहे, मीना पातळ आहे, किंवा काम सरासरीपेक्षा फार वरचं आहे, हे कुणी न सांगता कळतं. संग्रहातून मिळणारी खरी कमाई हीच आहे, आणि ती पैशांनी विकत घेता येत नाही.

म्हणून सुरुवातीलाच कागदावर एक वाक्य लिहा. त्यात देश, धातू, काळ आणि बांधणी या चारही गोष्टी आल्या पाहिजेत. माझं वाक्य असं आहे: इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा ठसा (हॉलमार्क) असलेले, चांदीचे, पारदर्शक मीन्याचे, साखळीने जोडलेले, १९२० ते १९४० मधले कफलिंक्स. दुकानात एखादी जोडी समोर आली की या वाक्यात ती बसते का, एवढंच बघायचं.

हाच प्रकार का? दुसरे कुठले चांगले विषय आहेत?

हा निवडण्याची तीन कारणं. ठशांमुळे वर्ष कळतं, म्हणजे अंदाजावर भिस्त ठेवावी लागत नाही. चांदीचं वजन थोडं असल्याने किंमत धातूची नसते, कामाची असते. आणि या वीस वर्षांत बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टर या सोनारांच्या वस्तीतल्या कारागिरांनी रंगांचं आणि भौमितिक नक्षीचं जे काम केलं, ते मला आजही फार देखणं वाटतं.

दुसरे विषयही तितकेच भरीव आहेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या अॅटलबरो गावच्या बेअर अँड वाइल्ड कंपनीने ‘कम-अ-पार्ट’ नावाचे, टिचकबटणासारखे दोन भागांत उघडणारे कफलिंक्स काढले. ते १९२० च्या दशकात प्रचंड खपले आणि आजही माफक किमतीत मिळतात. जपानमध्ये क्योटोच्या कारागिरांनी लोखंडावर सोन्याची तार ठोकून केलेलं काम हा एक विषय. थायलंडची ‘सयाम स्टर्लिंग’ लिहिलेली काळी-पांढरी चांदी हा आणखी एक. त्यावर रामकियेन या थाई रामायणातली पात्रं आणि विजेची देवी मेखला असते, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला ती चटकन जवळची वाटते. मात्र देशाचं नाव १९३९ मध्ये बदलल्यावरही ‘सयाम’ हा शब्द मालावर छापला जात राहिला, तेव्हा त्यावरून काळ ठरवू नका.

कफलिंक्स मुळात आले कुठून?

सतराव्या शतकात युरोपात बाहीची टोकं फितीने बांधत. हळूहळू फितीच्या जागी साखळीने जोडलेली दोन बटणं आली. इंग्लंडमध्ये जमिनीत सापडणाऱ्या त्या काळच्या चांदीच्या बटणांवर दोन हृदयं आणि वर मुकुट असं चिन्ह वारंवार दिसतं. राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या १६६२ मधल्या विवाहाशी ते चिन्ह परंपरेने जोडलं जातं. याच विवाहाच्या करारात मुंबई बेट आंदण म्हणून इंग्रजांकडे गेलं. १६६५ मध्ये प्रत्यक्ष ताबा मिळाला आणि १६६८ मध्ये राजाने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. ज्या लग्नाने मुंबईचं नशीब पालटलं, त्याच्या आठवणीची मानली जाणारी बटणं लोकांच्या मनगटावर होती, ही मला या छंदातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

एकोणिसाव्या शतकात कडक खळ घातलेल्या कफमधून साधं बटण जाईना, तेव्हा कफलिंक मध्यमवर्गापर्यंत पोहोचला. पुढे बटणं शिवलेले शर्ट सर्रास मिळू लागले आणि त्याची रोजची गरज संपली.

मागची बाजू वाचायची कशी?

या पानावरचं सर्वांत महत्त्वाचं उत्तर हेच, म्हणून थोडं सविस्तर. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, खिडकीशी बसा आणि जोडी उलटी धरा. पुढची बाजू मोहात पाडते, म्हणून ती नंतर.

ब्रिटिश चांदीवर साधारणपणे चार ठसे असतात. पहिला निर्मात्याच्या आद्याक्षरांचा. दुसरा चालत्या सिंहाचा. तो असला की चांदी हजारात ९२५ भाग शुद्ध. तिसरा शहराचा: बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, लंडनचं बिबट्याचं तोंड, चेस्टरच्या गव्हाच्या तीन पेंढ्या आणि तलवार, शेफील्डचा मुकुट (तो १९७४ अखेरपर्यंत, नंतर गुलाब). चौथा ठसा वर्षाच्या अक्षराचा.

बर्मिंगहॅमचं परीक्षण कार्यालय (सोनं-चांदी तपासून ठसे मारणारं) १७७३ मध्ये संसदेच्या कायद्याने सुरू झालं. त्यासाठी उद्योजक मॅथ्यू बोल्टन यांनी लंडनमध्ये ठाण मांडून खटपट केली होती, कारण तोवर माल तपासायला दूर चेस्टरला पाठवावा लागे आणि वाटेत त्याची नासधूस होई. समुद्रापासून लांब असलेल्या या शहराला नांगर का, याची एक आख्यायिका सांगतात. बर्मिंगहॅम आणि शेफील्डच्या लोकांच्या बैठका लंडनच्या ‘क्राउन अँड अँकर’ नावाच्या पथिकालयात होत, आणि तिथूनच एकाने मुकुट घेतला, दुसऱ्याने नांगर.

बर्मिंगहॅमची वर्षाची अक्षरं या काळात पंचवीस-पंचवीसच्या फेऱ्यांत चालत. तिथे १९०० साली लहान लिपीतला ‘ए’ सुरू झाला, १९२५ साली मोठ्या लिपीतला ‘ए’, आणि १९५० साली पुन्हा मोठ्या लिपीतलाच. इथेच बरेच जण फसतात. १९२५ आणि १९५० च्या फेऱ्यांत फरक आहे तो अक्षराच्या वळणात आणि भोवतीच्या ढालीच्या आकारात. तक्ता शेजारी ठेवल्याशिवाय निर्णय करू नका. शिवाय १९७५ पर्यंत बर्मिंगहॅमचं ठशांचं वर्ष जुलैमध्ये बदलत असे, म्हणून १९२८ चं अक्षर असलेली वस्तू १९२९ च्या पूर्वार्धातलीही असू शकते.

काही खुणा तक्त्याशिवायही काळ सांगतात. राजा किंवा राणीच्या तोंडाचा ठसा म्हणजे कर भरल्याची खूण. तो कर १८९० मध्ये बंद झाला, म्हणून ती वस्तू त्याआधीची. राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी यांची मुखं एकत्र असलेला ठसा १९३५ च्या रौप्यमहोत्सवानिमित्त काही काळ ऐच्छिक होता. माझ्या विषयात तो असलेली जोडी म्हणजे पर्वणी. सोन्याच्या जोडीवर १५ कॅरट लिहिलेलं असेल तर ती १९३२ पूर्वीची, कारण त्या वर्षी १२ आणि १५ कॅरट रद्द होऊन १४ कॅरट आलं. सोन्यावर १८ च्या शेजारी मुकुट दिसला तर लगेच शेफील्ड म्हणू नका, तो सोन्याच्या शुद्धतेचा मुकुट आहे.

सिंह नाही, पण ‘.९२५’ आहे. खोटी आहे का?

बहुतेक वेळा नाही. ब्रिटनमध्ये आयात झालेल्या मालावर १९०४ पासून वेगळे ठसे मारत. त्यात सिंहाऐवजी शुद्धतेचा आकडा येई आणि शहराची खूणही वेगळी असे. बर्मिंगहॅमसाठी समभुज त्रिकोण. मीनाकामाचा बराच माल युरोपातून येई आणि ब्रिटनमध्ये विकला जाई. अशी जोडी अस्सल असते, पण ब्रिटिश नसते. तुमच्या वाक्यात बसते का ते तुम्ही ठरवा. मी घेत नाही.

नुसतं ‘स्टर्लिंग’ लिहिलेलं असेल तर माल बहुधा अमेरिकन. ‘९३५’ असेल तर जर्मन किंवा स्विस कामाकडे बघा, ‘८३०’ असेल तर स्कँडिनेव्हियाकडे. फ्रेंच सोन्यावर गरुडाचं डोकं असतं.

मीना म्हणजे नेमकं काय, आणि तो खरा आहे हे कसं कळतं?

मीना म्हणजे काच. रंगीत काचेची पूड धातूवर पसरून भट्टीत साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सियसला वितळवतात. एक थर, मग दुसरा, मग तिसरा. पारदर्शक मीन्याखाली आधी यंत्राने बारीक रेषा कोरलेल्या असतात. या कोरीवकामाला गिलोश म्हणतात. प्रकाश काचेतून आत जातो, रेषांवर आपटतो आणि परत येतो, म्हणून जोडी हलवली की रंग जिवंत होतो.

माझ्याकडच्या एका जोडीचं वर्णन करतो, म्हणजे काय बघायचं ते कळेल. चार तबकड्या (साखळीच्या प्रत्येक कफलिंकला दोन), प्रत्येक लंबगोल, लांबी दीडेक सेंटिमीटर. मधे मोरपिशी निळा पारदर्शक मीना. खाली रेषा केंद्रातून कडेकडे उन्हाच्या किरणांसारख्या गेलेल्या. कडेला पांढऱ्या अपारदर्शक मीन्याची केसाइतकी बारीक रेघ, आणि तिच्याबाहेर चांदीची कड. भिंगाखाली त्या पांढऱ्या रेघेची जाडी चारही तबकड्यांवर जवळपास सारखी आहे, पण अगदी सारखी नाही. एका ठिकाणी ती किंचित फुगते, तिथे कारागिराच्या हाताने पूड थोडी जास्त सोडली. निळ्यात एक सुईच्या टोकाएवढा बुडबुडाही आहे. हा दोष नाही, भट्टीत जन्मलेल्या काचेची ती खूण आहे. पृष्ठभाग तिरका धरून बघितला तर आरशासारखा सलग चकाकतो.

आता भरलेला मीना. टवका उडालेल्या जागी आजकाल रंगीत राळ भरतात. भिंगाखाली ती जागा किंचित मेणचट दिसते, चकाकी तुटते, आणि तिच्यावर बारीक ओरखडे असतात, कारण राळ काचेपेक्षा मऊ. खालच्या किरणरेषा त्या जागी अंधूक होतात किंवा नाहीशाच होतात. नोटा तपासायचा अतिनील दिवा अंधारात जोडीवर मारा. भरलेली जागा बऱ्याचदा आजूबाजूपेक्षा वेगळी उजळते. सुई टोचून बघू नका. वस्तू तुमची नसते तोवर तर मुळीच नाही.

केसासारख्या तडा फक्त तिरक्या प्रकाशात दिसतात. एका तबकडीवर एखादी असेल आणि किंमत त्या मानाने असेल तर घ्यायला हरकत नाही. तड कडेपर्यंत गेली असेल तर सोडा, टवका उडण्याची ती पूर्वतयारी असते.

बांधणीवरून काय कळतं?

बरंच. साखळीचे कफलिंक्स दोन्ही बाजूंनी सजवलेले असतात, म्हणजे जोडीत चार तबकड्या. काम दुप्पट, आणि घालायला थोडी खटपट. ताठ दांडीचे डमरूसारखे कफलिंक्सही जुनेच. टिचकबटणाचे १९२० च्या दशकात गाजले. फिरती दांडी असलेले, एकाच बाजूला नक्षी असणारे कफलिंक्स विसाव्या शतकाच्या मध्यापासून सर्वत्र झाले, आजचे बहुतेक तसेच असतात. जुनी तबकडी आणि नवी फिरती दांडी अशी सांगड दिसली तर कुणीतरी साखळीची जोडी फोडून चारांतल्या दोन तबकड्यांचं काहीतरी दुसरं केलं आहे का, अशी शंका घ्या. अशा उरलेल्या तबकड्यांचे कानातले झालेलेही मी पाहिले आहेत.

जोडी विजोड आहे हे कसं ओळखायचं?

दोन्ही कफलिंक्सवरचे ठसे जुळवा. निर्माता आणि वर्ष दोन्हीकडे एक हवं. जागा लहान असल्याने पूर्ण ठसे एका तबकडीवर आणि दुसरीवर नुसता सिंह असंही चालतं. मग चारही तबकड्यांचं माप घ्या, साखळीच्या कड्या मोजा. एका कफलिंकला तीन कड्या आणि दुसऱ्याला पाच असतील तर कुणीतरी हात घातला आहे. रंगाची छटा दिवसाच्या उजेडात तपासा. बल्बखाली दोन निळे एकसारखे वाटतात आणि खिडकीशी नेल्यावर वेगळे होतात.

ठसाच नाही. टाकून द्यायची का?

लगेच नाही. लहान आणि हलक्या वस्तूंना ब्रिटिश कायद्यात सूट होती. आजच्या नियमातही ७.७८ ग्रॅमपेक्षा हलक्या चांदीला ठसा सक्तीचा नाही. ठसा झिजूनही जातो. पण ज्याचा संग्रह ठशांवर उभा आहे त्याने बिनठशाची जोडी शिकण्यासाठी ठेवावी, संग्रहात मोजू नये. या बाबतीत मी कडक आहे.

मोठ्या नावांच्या मागे जावं का?

नाव माहीत असावं, पण आधी काम बघावं. बर्मिंगहॅमची डीकिन अँड फ्रान्सिस ही पेढी १७८६ पासूनची आणि आजही कफलिंक्स बनवते. तिचे जुने मीनाकामाचे नमुने भरवशाचे असतात. लंडनच्या लिबर्टी अँड कंपनीच्या ‘किमरिक’ मालिकेतला माल बर्मिंगहॅमच्या हेझलर यांच्या कारखान्यात होत असे. त्यात आरेखनकार आर्चिबाल्ड नॉक्स यांच्या घाटाचे निळे-हिरवे कफलिंक्स मिळाले तर उत्तमच, पण किंमत पार दुसऱ्या जगातली असते. हा माल विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा, म्हणजे माझ्या काळाच्या आधीचा.

रशियन जवाहीर फॅबर्जेच्या नावाने येणाऱ्या जोड्यांपासून नवख्याने लांबच राहावं. या नावाच्या नकला इतक्या मुबलक आहेत की कागदपत्रांची सलग साखळी आणि जाणकाराचं मत नसेल तर विचारही करू नये.

उलट बाजूला स्ट्रॅटन ही बर्मिंगहॅमचीच कंपनी. साध्या धातूवर मुलामा दिलेला तिचा माल खिशाला परवडतो, आणि विद्यार्थ्याला सुरुवात करायला तो चांगला.

डबी मूळची असेल तर किंमत वाढते ना?

वाढते, पण डबीवरचं नाव सहसा विकणाऱ्या दुकानाचं असतं, बनवणाऱ्याचं नव्हे. आणि डब्या बदलता येतात. आतल्या मखमलीवरचे खळगे जोडीच्या आकाराशी जुळतात का ते बघा. पूर्ण ‘ड्रेस सेट’ असेल, म्हणजे कफलिंक्ससोबत शर्टाचे स्टड (पुढची सुटी बटणं) आणि वेस्टकोटची बटणं, तर एकही खळगा रिकामा नसावा. एक स्टड हरवलेला असला तरी त्याच रंगाचा दुसरा मिळणं जवळपास अशक्य असतं.

शोधायचं कुठे?

मुंबईत चोरबाजारातली मटण स्ट्रीट, पुण्यात बुधवार-रविवारी भरणारा जुना बाजार. दोन्हीकडे कफलिंक्स मिळतात ते बटणं, टायपिना, बंद पडलेली घड्याळं यांच्या ढिगात, आणि बऱ्याचदा एकटे, जोडीदाराविना. एकटा कफलिंकही अभ्यासासाठी घ्यावा. मीन्याची पारख करायला त्याच्याइतकं स्वस्त साधन नाही. ओळखीच्या दुकानदाराला तुमचं ते एक वाक्य सांगून ठेवा. ‘जुने कफलिंक्स बघा’ म्हणालात तर तो काहीही काढून दाखवेल. ‘मागे नांगर असलेली, रंगीत, साखळीची’ म्हणालात तर तेवढंच बाजूला ठेवील.

खरा साठा मात्र ब्रिटनमध्येच आहे. तिथल्या गावोगावच्या लिलावगृहांच्या यादीत कफलिंक्स सहसा दागिन्यांच्या शेवटी, चार-पाच जोड्यांच्या एकत्र गठ्ठ्यात असतात. बोली लावताना तीन आकडे आधी मांडा: बोलीवर लिलावगृह घेतं ते शुल्क, टपाल आणि विमा, आणि इथलं सीमाशुल्क. या तिन्हींची बेरीज कित्येकदा मूळ बोलीच्या वर जाते. लंडन, लेस्टर किंवा बर्मिंगहॅममध्ये नातलग असतील तर त्यांना प्रत्यक्ष बघायला सांगा. बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टरमध्ये जुन्या कारखान्याचं संग्रहालय आहे. तिथे जाऊन आलेला माणूस कफलिंककडे वेगळ्या नजरेने बघतो.

ऑनलाइन विकणाऱ्याला काय विचारावं?

चारही तबकड्यांचे समोरून फोटो, ठशांचा जवळून फोटो, साखळीच्या दोन्ही टोकांचा फोटो, आणि मीन्यावर तिरका प्रकाश पाडून एक फोटो. वजन ग्रॅममध्ये. मग एकच थेट प्रश्न: मीन्याला कुठे भरणी केली आहे का? लेखी उत्तर मागा. प्रामाणिक विक्रेता आनंदाने देतो. ‘वयाच्या मानाने उत्तम’ एवढंच उत्तर आलं तर पुढे जा.

साखळी तुटली तर सोनाराकडे टाकू का?

टाका, पण आधी बजावून. झाळताना तापलेल्या चांदीतून उष्णता तबकडीत शिरते आणि मीना क्षणात तडकतो. नेहमीचा सोनार सवयीने फुंकणी उचलेल. त्याला सांगा की काच आहे, आग लावायची नाही. नवी कडी नुसती वळवून बसवायची, किंवा लेझरने जोडायची. लेझरची सोय मोठ्या शहरांच्या सराफ बाजारात आता मिळते. काढलेली जुनी कडी फेकू नका, कागदात बांधून जोडीसोबत ठेवा.

जुन्या दुरुस्तीत कथलाचा राखाडी गोळा दिसतो. तो काढायला जाऊ नका. किंमत कमी होते हे खरं, पण काढताना जे होतं ते त्याहून वाईट.

साफ कसे करायचे? पावसाळ्यात काय?

चांदीची भांडी घासायची पावडर, रांगोळी, चिंच, टूथपेस्ट यांतलं काहीही मीन्याजवळ नेऊ नका. चांदी बुडवून काढायचं रसायनही नको, आणि चष्म्याच्या दुकानात असतं ते कंपनाचं यंत्र तर अजिबात नको. मऊ, कोरडं कापड पुरतं. घाम लागला असेल तर कापड किंचित ओलं करून पुसा आणि लगेच कोरडं करा. तडेत पाणी शिरू देऊ नका. चांदीच्या कडेवरचा काळसरपणा थोडा राहिला तरी चालतो. ठशांवरून वारंवार पॉलिश फिरवलं की अक्षरं झिजतात, आणि मग तुमच्या जोडीचा जन्मदाखलाच पुसला जातो.

कोकणात, गोव्यात, मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतल्या ओलाव्याने चांदी लवकर काळी पडते. काळं करणारं मूळ कारण गंधकाची संयुगं. ओलावा त्यांना मदत करतो. म्हणून रबरबँड, लोकरीचं कापड, स्वस्त फोम यांत कफलिंक्स गुंडाळू नका. प्रत्येक जोडी आम्लविरहित कागदात, मग घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी. पुडी पावसाळ्यात एकदा तरी बदला. चार तबकड्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मधे कागदाची घडी घाला. बहुतेक टवके मनगटावर नाही, खणात उडतात.

हस्तिदंत, वाघनख, कासवाचं कवच लावलेल्या जोड्या घ्याव्यात का?

नाही. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातून सोन्यात मढवलेल्या वाघनखांचे दागिने विलायतेला जात, त्यात कफलिंक्सही असत. आज भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार या वस्तूंचा व्यापार गुन्हा आहे. वस्तू जुनी आहे ही सबब चालत नाही. ब्रिटनमध्येही हस्तिदंताच्या विक्रीवर २०१८ च्या कायद्याने, जून २०२२ पासून, कडक बंदी आहे. घरात वारशाने आलेली असेल तर विकू नका, वनखात्याकडे काय नियम आहे ते विचारा. हाड की हस्तिदंत हे नक्की कळत नसेल तर ती जोडी आपली नाही असं समजा.

भारतातून परदेशी राहणाऱ्या मुलाला जोडी पाठवता येईल का?

वय बघा. पुरावस्तू कायदा, १९७२ नुसार शंभर वर्षं पूर्ण झालेल्या कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. १९२० च्या दशकातल्या जोड्या आता एकेक करून या रेषेपाशी येत आहेत, म्हणून वर्षाचं अक्षर इथेही कामाला येतं. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र घ्या आणि मगच सामानात टाका.

आजोबांची सदऱ्याची सोन्याची साखळीवाली बटणं या संग्रहात बसतात का?

कफलिंक्सच्या संग्रहात नाही, पण त्यांचा स्वतंत्र संग्रह व्हावा असं मला मनापासून वाटतं. सदऱ्याच्या काजांत बसणारी, बारीक साखळीने एकमेकांत गुंफलेली ती बटणं आपल्याकडे लग्नात जावयाला दिली जात. ती आता घराघरांतून वितळवली जात आहेत, कारण घालायला कुणी नाही आणि सोन्याचा भाव चढा आहे. वितळवण्याआधी निदान फोटो काढा, वजन लिहा, कुणाची होती आणि कुठल्या गावच्या सोनाराने घडवली ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. ही माहिती दुसरीकडे कुठे नोंदलेली नाही.

जुने कफलिंक्स वापरावेत का, की नुसते ठेवावेत?

वापरावेत. दुहेरी, म्हणजे उलटा दुमडायच्या कफचा शर्ट लागतो, तोही मऊ कापडाचा. साखळी लहान असल्याने जाड, कडक कफ त्यात मावत नाही. घालताना टेबलावर टॉवेल अंथरा आणि आधी कफमध्ये कफलिंक घालून मग हात बाहीत घाला. रात्री उशिरा दमून आल्यावर फरशीवर उभं राहून काढू नका, पलंगावर बसून काढा. ज्या जोडीत तडा आहे ती मात्र घालू नये.

नोंद कशी ठेवावी?

वही पुरते. प्रत्येक जोडीला एक पान: ठशांचं रेखाटन हाताने (काढताना असे तपशील दिसतात जे फोटोत सुटतात), मापं, वजन, कड्यांची संख्या, दोष, कुठून घेतली, काय दिलं. पावती त्याच पानाला टाचा. मूळ मालकाची काही माहिती मिळाली तर तीही, पण विक्रेत्याने सांगितलेली गोष्ट आणि कागदावर सिद्ध झालेली गोष्ट वेगवेगळ्या रकान्यांत लिहा.

संग्रह किती मोठा असावा?

आकडा नाही. माझा नियम असा की त्याच घाटाची जास्त चांगली जोडी मिळाली की आधीची विकायची आणि ती रक्कम पुढच्या खरेदीत घालायची. विकताना तिचे सगळे दोष स्वतःहून सांगायचे, वहीतल्या पानाची प्रत सोबत द्यायची. ती घेणारा बहुधा नवखाच असतो, आणि त्याच्या वहीचं पहिलं पान तिथून सुरू होतं.